गठ्ठा सोड ना मग

फळ्यावर तिसरीसाठी ४२ वजा १७ मांडलं होतं. फळ्यापाशी उभा असलेला मुलगा पाच महिन्यांनी शाळेत आलेला. दिवाळी झाली की त्याचे आईबाप कोयता घेऊन बारडोलीकडे उसाला जातात, होळीला परततात. पोरगं बरोबर जातं, बरोबर येतं. हजेरीपटावर त्याचं नाव तिसरीत असतं, डोकं दुसरीच्या दिवाळीपर्यंत आलेलं असतं.

त्यानं गणित सोडवलं. सातातून दोन गेले, पाच. चारातून एक गेला, तीन. उत्तर ३५.

अशा वेळी तोंड उघडायच्या आधी मनात दहा अंक मोजायचे, ही सवय मी स्वतःला मोठ्या कष्टानं लावून घेतली आहे. पाचपर्यंत आले असेन, तर खालून आवाज आला, "आसं नही." पहिलीतली एक मुलगी. तिच्यापुढे पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या पसरलेल्या, दहा-दहाचे गठ्ठे सायकलच्या ट्यूबच्या रबरानं बांधलेले. तिनं चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्या पायाशी ठेवल्या.

"हाई ले बेचाळीस. आते माले सतरा दे."

त्यानं एक गठ्ठा दिला. मग दोन सुट्या काड्या दिल्या. आणि थांबला.

"आजून पाच."

"नहीत."

"गठ्ठा सोड ना मग!"

असं म्हणाली की जणू शेजारच्या घरी निरोप सांगतेय. त्यानं रबर काढलं, काड्या फरशीवर पसरल्या, त्यातल्या पाच मोजून तिच्या हातात ठेवल्या. उरलेलं मोजलं. मग उठून फळ्यापाशी गेला आणि तळहातानं फक्त तीन पुसून तिथं दोन लिहिला. पाच तसाच ठेवला. पाच बरोबरच होता की.

त्या मुलीला बेचाळीस अंकात लिहायला सांगा, ती २४ लिहील. तिचा काय दोष? आपण आधी 'बे' म्हणतो आणि मग 'चाळीस'. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'चाळीस दोन' अशा वाचनाची सोय आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मला मात्र तेव्हा अशाच पोरी डोळ्यांपुढे येत होत्या. तर ज्या मुलीला बेचाळीस लिहिता येत नाही, तिला हातच्याची वजाबाकी कुणी शिकवली? मी तर नक्कीच नाही. दोन महिने ती दुसरीच्या गटाला पाठ लावून बसत होती, एवढंच.

मी २००३ साली शिक्षणसेवक म्हणून लागले, महिना तीन हजार मानधनावर. साक्री तालुक्यातली ही माझी तिसरी शाळा. पहिली ते चौथी, दोन खोल्या, एक ओटा, एक कडुलिंब. दोन शिक्षक मंजूर आहेत. दुसरे सर बीएलओ आहेत, म्हणजे मतदारयाद्यांचं काम निघालं की शाळेत मी एकटी. मग चारही वर्ग एका खोलीत घेते. शिवाय काही मुलींच्या कडेवर धाकटी भावंडं असतात, तीही आत येतात. त्यांची नावं कुठल्याच पटावर नाहीत, पण खिचडीच्या वासाला पहिली तीच उठतात.

लोकांना वाटतं, ही आडगावची अडचण आहे, शिक्षक भरले की मिटेल. तसं नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदाच सांगतो की प्राथमिकला ६० पटापर्यंत दोन शिक्षक. वाडीवस्तीवरच्या शाळेचा पट साठपर्यंत जातो कुठे? म्हणजे सगळी पदं भरलेली असली, कुणी रजेवर नसलं, तरी एका शिक्षकाकडे दोन वर्ग येणारच. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेतही दोन खोल्या आणि दोन शिक्षक हेच तर मागणं होतं. जोडवर्ग हा आपल्याकडे अपवाद नाही, तो नियमच आहे. फक्त तो कुणी आम्हाला शिकवला नाही.

डी.एड.ला आमचे सराव पाठ व्हायचे. पस्तीस मिनिटं, एक वर्ग, एक घटक. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन. पाठ टाचणाच्या वहीला दोन्ही बाजूंनी समास. त्या तालमीवर मी पहिल्या शाळेत उभी राहिले आणि पहिल्याच आठवड्यात फळ्यावर खडूनं तीन उभ्या रेघा मारून चार भाग केले. पहिलीला मुळाक्षरं, दुसरीला बेरीज, तिसरीला कविता, चौथीला नकाशा. दर पंधरा मिनिटांनी मी एका रेघेवरून दुसरीकडे उडी मारायची. कायद्यातले वर्षाचे आठशे तास चार ठिकाणी वाटले तर प्रत्येक वर्गाच्या वाट्याला दोनशे येतात, हा हिशोब तेव्हा केला नव्हता. केला असता तर राजीनामाच दिला असता. दिवसभर एकच वाक्य कानावर येई, "म्याडम, आमनं कव्हय?" आमचं कधी? संध्याकाळी घसा बसायचा आणि मुलं घरी जाताना अशी दिसायची जणू दवाखान्यात नंबर लावून बसलेली होती आणि डॉक्टर आलाच नाही.

त्या वर्षी आबा मला भेटायला शाळेत आले होते. माझं माहेर पांझरेकाठचं. आमचं वावर फडात. पांझरेवर बंधारे, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालची गावची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. शेकडो वर्षांची ही रीत. पाणी सोडायचा मान पाटकऱ्याचा. तो ज्याचं बारं उघडेल त्याची पाळी. कुणी मोठा, कुणी छोटा, पाटकऱ्याच्या फावड्यापुढे सगळे सारखे. लहानपणी मला हा माणूस पोलीसपाटलापेक्षा मोठा वाटायचा.

आबा मागच्या भिंतीला टेकून अर्धा दिवस बसले. मध्येच तंबाखू मळायला बाहेर गेले, परत आले. मी एका रेघेवरून दुसरीवर उड्या मारतच होते. निघताना म्हणाले, "माय, तू तं बादलीनं पानी घाली ऱ्हायनी." आणि चप्पल घालता घालता, "शेवटना वावरले पोचस का?"

राग आला होता मला. बारावीपर्यंतही न शिकलेला माणूस मला शिकवणार! पण बसमधून घरी जाताना ते वाक्य डोक्यातून जाईना. फडात पाणी एकाच वेळी सगळ्यांना मिळत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पाळी नसलेलं वावर कोरडंठाक पडत नाही, कारण खाली ओल असते. पाटकरी पाणी देतो, पण पीक जगतं ते दोन पाळ्यांमधल्या ओलीवर. माझ्या वर्गात पाळ्या होत्या, ओल नव्हती. मी एका वर्गाकडून वळले की तो वर्ग कोरडा.

पुढच्या काही वर्षांत मी जे काही शिकले ते सगळं ओल कशी धरायची याबद्दलचं. फळ्यावरच्या रेघा पुसल्या. एकच विषय चौघांपुढे मांडायला लागले. साक्रीच्या आठवडी बाजाराचा दिवस असला की बाजारच घ्यायचा. पहिलीनं वांगी मोजायची. दुसरीनं दोन पिशव्यांची बेरीज करायची. तिसरीनं अडीच किलोचे पैसे काढायचे. चौथीनं पूर्ण बिल करून सुटे परत द्यायचे आणि भांडण झालं तर हिशोब समजावून सांगायचा. भांडण होतंच. एकदा चौथीच्या व्यापाऱ्यानं दुसरीच्या गिऱ्हाइकाला दहा रुपये कमी दिले, तर मधल्या सुट्टीपर्यंत प्रकरण तापलं होतं. भरताची हिरवी वांगी चाळीस रुपयेच कशी, माझ्या मामाकडे तीसला मिळतात, हा वेगळा वाद.

आणि मग माझ्या लक्षात यायला लागलं की या खोलीत खरं शिक्षण तिरकं होतं. मी तिसरीशी बोलते आणि ऐकतो पहिलीचा. चौथीची कविता पहिलीच्या पोरांना पाठ असते. अर्थ विचारला तर खांदे उडवतात, पण चाल अचूक. तीन वर्षांनी ती कविता त्यांच्या पुस्तकात येते तेव्हा त्यांना ती गावची वाटते. पाढे मी कुणालाच शिकवलेले नाहीत असं म्हटलं तरी चालेल. ते वर्गाच्या हवेतच असतात, पारापाशी वडाच्या पारंब्या असाव्यात तसे. आलं पोरगं, धरली एक, घेतला झोका.

उलट्या दिशेनंही होतं, आणि मला विचाराल तर ते जास्त मोलाचं. तो ऊसतोडीचा मुलगा. एकाच इयत्तेच्या भरलेल्या वर्गात तो 'कच्चा' ठरला असता. त्याला मागच्या बाकावर बसवून दुसरीचं पुस्तक दिलं असतं आणि सगळ्यांनी ते पाहिलं असतं. इथं तो दुसरीच्या गटात जाऊन बसला तर कुणी ढुंकून बघत नाही. इथं सगळेच कुठे ना कुठे बसलेले असतात. तो त्यांना काड्या मोजायला 'मदत' करतो आणि जाता जाता स्वतःचं राहिलेलं उचलतो. लाज न वाटता मागं जाता येणं, ही सोय मोठ्या शाळांना पैसे देऊनही विकत घेता येणार नाही.

भाषेचंही तसंच. मी खान्देशातलीच, त्यामुळे अहिराणी मला परकी नाही. पण पुस्तक प्रमाण मराठीत, आणि तपासणीला आलेले साहेब तर पुस्तकापेक्षा प्रमाण. एकदा एकांनी पहिलीतल्या मुलाला विचारलं, "बाळ, तुझ्या कुटुंबात एकूण सदस्य किती?" बाळ गप्प. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात तिसरीतली एक जण मागून म्हणाली, "तुना घर कितला जन शेतस, आसं इचारी ऱ्हायनात." "सात," बाळ म्हणालं. मग जरा विचार करून, "आनि दोन बकऱ्या." साहेब चांगले होते, हसले. पण ती तिसरीतली नसती तर शेऱ्याच्या वहीत काय आलं असतं ते मला माहीत आहे.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी जोडवर्गाची आरती म्हणतेय. म्हणून एका मुलीबद्दल लिहायला हवं.

माझ्या पहिल्या शाळेतलीच. तिसरी-चौथीत होती तेव्हा. हुशार म्हणजे किती, तर मी वाक्य सुरू करावं आणि तिनं पूर्ण करावं. घरात चार भावंडांत थोरली, त्यामुळे सांभाळायची सवय अंगातच. माझ्या लक्षात यायच्या आधीच तिनं पहिली ताब्यात घेतली होती. नाकं पुसायची, पाट्या तपासायची, 'क' ला काना लागला की काय होतं ते ओरडून सांगायची. मी निर्धास्त. भेटीला कुणी आलं की मी कौतुकानं सांगायचे, ही आमची छोटी मॅडम. दोन वर्षं असं चाललं. तेव्हा शिष्यवृत्तीची परीक्षा चौथीला असायची, मध्ये काही वर्षं ती पाचवीला गेली होती. मी तिला बसवलं. लागेलच, अशी खात्री होती. परीक्षा देऊन आली, तिच्या हातात प्रश्नपत्रिकेची घडी होती. ओट्यावर बसून तिनं मला गणितं दाखवली. एकेका गणितावर बोट ठेवत, अगदी शांतपणे.

"म्याडम, हाई आपलं झायंच नव्हतं."

अपूर्णांक. दोन अंकी भागाकार. मी फळ्यावर घेतले होते, नाही असं नाही. पण घेतले तेव्हा ती पहिलीच्या पाट्या तपासत होती. मीच पाठवलं होतं.

आबांनी विचारलं होतं ना, शेवटच्या वावराला पोचतं का. सगळं पाणी अडवून मी वरची वावरं हिरवी केली होती. शेवटचं तेवढं राहिलं.

ही युक्ती माझी नव्हतीच म्हणा. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळांत थोरली पोरं धाकट्यांना धुळाक्षरं गिरवून घ्यायची. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासला अँड्र्यू बेल नावाचा एक पाद्री अनाथ मुलांची शाळा सांभाळत होता. मुलं वाळूत बोटानं अक्षरं काढताना त्यानं पाहिली, तीच रीत आपल्या शाळेत आणली, मुलांना मुलांचे शिक्षक केलं आणि १७९७ साली त्यावर पुस्तिका काढली. विलायतेत ती 'मद्रास पद्धत' म्हणून गाजली. गाजण्याचं कारण उघड आहे. पगार लागत नव्हता. एक मास्तर आणि शेकडो पोरं, बाकीचं मॉनिटर बघतील. हे मी फार उशिरा वाचलं, आणि वाचताना मला ओट्यावर बसलेली ती आठवली. मुलानं मुलाला शिकवणं ही सुंदर गोष्ट आहे. पण ती कधी फुकटातली मजुरी होते, ते शिकवणाऱ्या मुलाला कळत नाही. कळायला हवं बाईंना.

ती पुढे शेजारच्या गावी पाचवीला गेली, बारावीही झाली. माझ्यामुळे तिचं काही बुडालं नाही, असं मी स्वतःला सांगते. सांगते, पण ते ऐकताना बरं वाटत नाही.

त्यानंतर मी कार्डांकडे वळले. आंध्रात मदनपल्लीजवळ ऋषी व्हॅली म्हणून जी संस्था आहे, तिनं आपल्या आसपासच्या खेड्यांतल्या बहुवर्ग शाळांसाठी कार्डांची पद्धत बसवली. अभ्यासाचे छोटे छोटे टप्पे, प्रत्येक टप्प्याची कार्डं, आणि भिंतीवर एक शिडी. मूल आपली पायरी बघतं, आपलं कार्ड उचलतं, आणि कामाला लागतं. कुठल्या इयत्तेत आहेस, हा प्रश्नच बाद. पुढे तमिळनाडूनं तीच वाट सरकारी शाळांत नेली. एका प्रशिक्षणात हे ऐकलं आणि मला वाटलं, हे आपल्याला जमेल. पण कार्डशीट आणायचं कुठून? शाळेचं अनुदान किती आणि कधी येतं, ते सांगायला नको.

लग्नपत्रिका! अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे आमच्याकडे घरटी दहा-वीस पत्रिका येऊन पडतात. जाड, गुळगुळीत, मागची बाजू कोरी. मी पालकसभेत मागितल्या, तर पंधरा दिवसांत दोन पोती भरली. मागच्या बाजूला स्केचपेननं गणितं, शब्द, चित्रं. मुलांनी उचलली, केली, परत खोक्यात टाकली. पहिल्यांदाच मी खोलीच्या मधोमध काही न करता उभी होते आणि काम चालू होतं.

एक गोष्ट मात्र मी धरली नव्हती. कार्डाला पुढची बाजूही असते. पहिलीतल्या एकानं स्वतःहून वाचलेलं पहिलं अख्खं वाक्य होतं, "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!" वाचून झाल्यावर विचारलं, "म्याडम, कोना काका?" दुसऱ्या एकीला 'चि. सौ. कां.' हा एकच शब्द वाटला आणि तिनं तो आठवडाभर सगळ्यांना चिडवायला वापरला. चौथीतल्यांनी दोन पत्रिका शेजारी ठेवून एकाच मुहूर्ताची दोन लग्नं शोधली आणि जेवायला कुठे जावं यावर खल केला. घड्याळ, तारीख, अंतर, सगळं त्यात आलं. पाठ्यक्रमात लिहिलेला हेतू आणि प्रत्यक्षात साधलेला हेतू यांची गाठ अशी कधीतरी मागच्या बाजूला पडते.

अधूनमधून कानावर येतं की आमच्यासारख्या छोट्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायच्या. २०२३ मध्ये ते पुन्हा जोरात आलं, तेव्हा उदाहरणं दिली गेली ती आमच्याच बाजूच्या तोरणमाळची आणि तिकडे पुण्याजवळच्या पानशेतची. मोठ्या शाळेत विज्ञानपेटी असेल, मैदान असेल, इयत्तेला एक शिक्षक असेल. मी त्याला नाही म्हणत नाही. मी फक्त त्या पहिलीतल्या मुलीला रोज सकाळी गाडीत चढताना बघते आणि तिच्या कडेवरच्या भावाचं काय, या प्रश्नाशी अडते. तो तर कुठल्या आकड्यातच नाही.

हल्ली मी एक नियम केलाय. खिचडी झाली की अर्धा तास चौथीचा. चौथीत या वर्षी चार मुलं आहेत. दुसरी खोली, दार बंद, आणि मी फक्त त्यांची. त्या वेळात कुणी कुणाला शिकवायचं नाही, कुणाच्या पाट्या तपासायच्या नाहीत. बाकीचे ओट्यावर पत्रिकांची कार्डं घेऊन बसतात. कुणाचं नाक वाहिलं तर वाहू दे. पहिले काही दिवस दारावर थापा पडायच्या, मग सवय झाली.

मागच्या गुरुवारी भागाकार घेत होते. दोन अंकी. ८४ ला १२ नं. चौघंही वहीत डोकं घालून. एकीनं पेन्सिल चावली, दुसरा बाराचा पाढा ओठात पुटपुटत होता, साठपर्यंत आला आणि अडकला. मी मनात मोजत होते. सहा, सात, आठ.

खिडकीच्या गजांतून दोन हात आणि वर एक कपाळ दिसलं.

"बाहात्तर," कपाळ म्हणालं.

मी उठून खिडकी लोटली. कडी तुटलेली आहे, ती जरा वेळानं आपोआप उघडली.